साखरेचं पोतं किती दिवस पुरतं?



या पानावर आपण खताचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या, हुमणी, लोकरी मावा यावर बोलतो. आज रानातलं सोडून घरातल्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या पोत्याबद्दल बोलायचंय. साखरेच्या पोत्याबद्दल. विषय जरा नाजूक आहे. "ऊसकऱ्यानंच साखर कमी खा म्हणायचं व्हय?" असं कुणीतरी म्हणणारच. म्हणा, पण शेवटपर्यंत वाचून म्हणा.

शहरातला माणूस साखर किलोनं आणतो. संपली की परत दुकानात जातो, पैसे मोजतो, तेव्हा हात जरा आखडतो. आपल्या कोल्हापूर भागात साखर पोत्यानं येते. सभासदाची सवलतीची साखर, शेअरवर ठरलेली, कुठं टनामागं ठरलेली, दिवाळीची वेगळी. कारखान्यागणिक नियम निराळे, पण गोष्ट एकच: साखर बाजारभावापेक्षा स्वस्त आणि एकदम ढिगानं. पोतं भरलेलं दिसलं की हात सैल सुटतो. पाट भरून वाहतोय म्हटल्यावर पाणी कोण मोजतंय? तसंच हे.

म्हणून माझं मत सरळ आहे. ऊसपट्ट्यात साखर कमी करायची असेल तर सुरुवात जिभेपासून करू नका, पोत्यापासून करा. आधी मोजा. मग चमचा हळूहळू खाली आणा.

आधी मोजमाप

माती परीक्षणाशिवाय खताचा डोस ठरवू नये असं आपण एकमेकांना सांगतो. मग इथंही तेच करू. नवीन पोतं उघडलं की त्यावर मार्करनं तारीख लिहायची. संपलं की दिवस मोजायचे. आमच्या घरात हे सुरू आहे, खर्च शून्य.

आता हिशोब. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलंय की दिवसभरातल्या एकूण उष्मांकांपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा १० टक्क्यांच्या आत असावा आणि ५ टक्क्यांच्या आत आणला तर आणखी चांगलं. साधारण २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. २५ ग्रॅम म्हणजे सहा छोटे चमचे सपाट. दिवसाला, सगळं मिळून.

घरात पाच माणसं धरा. माणशी ५० ग्रॅम म्हणजे दिवसाला पाव किलो. ५० किलोचं पोतं २०० दिवस पुरलं पाहिजे. माणशी २५ ग्रॅम धरली तर तेच पोतं ४०० दिवस, म्हणजे वर्षाच्या वर. आता मनाशी आठवा, तुमच्या घरी पोतं किती दिवसांत खाली होतं? चार महिन्यांत संपत असेल तर माणशी ८० ग्रॅमच्या पुढं गेलात. पै-पाहुणा, पूजा, बारसं यांचा वाटा त्यातून वजा करा. आणि बिस्किटं, कोल्ड्रिंक, बेकरीचा माल, यातली साखर पोत्यात धरलेलीच नाही, ती वर मिळवा.

साखर कुठं जाते?

बरेच जण म्हणतात, "आम्ही कुठं गोडधोड खातोय?" खरंय. होळीची पुरणपोळी, बेंदराची पोळी, गौरी-गणपतीचे मोदक, पाडव्याचं श्रीखंड, हे सगळं धरलं तरी वर्षातले पंधरा-वीस दिवस. सणाला हात लावायची गरजच नाही. साखर जाते ती चहात, वर्षाचे ३६५ दिवस.

सकाळी उठल्यावर, धारा काढून आल्यावर, दहाला रानात, दुपारी झोप मोडल्यावर, संध्याकाळी कुणी आलं म्हणून, आणि रात्रीची लाईट असली तर मोटर चालू करून आल्यावर परत एक. चार ते सहा कप सहज होतात. कपाला दोन चमचे म्हणजे ८-१० ग्रॅम. चार कपांतच ३५-४० ग्रॅम झाली. चहाबरोबर बिस्किटाचा पुडा फुटला की गणित आणखी पुढं.

आजोबाही गोड खायचे, हे मला माहीत आहे. दुपारी गुळाचा खडा आणि वर तांब्याभर पाणी. पण आजोबा मोटेमागं, नांगरामागं चालायचे. आज नांगरट ट्रॅक्टरची, फवारणीला ड्रोन येतोय, मोटर मोबाईलवरून चालू होते. अंगमेहनत उतरली, साखर उतरली नाही. उलट वाढली.

"मी काटक आहे, मला काय होतंय?"

हा गैरसमज काढून टाकायला आपल्या पुण्याच्याच संशोधनाचा आधार आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक छोटा लेख २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, सारखाच: २२.३. बघायला दोघं सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपला माणूस बाहेरून बारीक दिसतो आणि आत चरबी बाळगून असतो. म्हणून पोट सुटलं नाही यावर निर्धास्त राहू नका.

आयसीएमआरचा देशव्यापी अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात देशात ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह निघाला. गावांपेक्षा शहरांत तो जास्त. पण उंबरठ्यावर असलेल्यांचं, म्हणजे प्रीडायबेटिसचं प्रमाण मात्र गाव आणि शहर दोन्हीकडं जवळजवळ सारखं, १५ टक्क्यांच्या आसपास. याचा अर्थ लक्षात घ्या. शहराला जे झालंय ते गावाच्या वेशीवर येऊन थांबलंय.

मधुमेहाला एकटी साखर जबाबदार नाही. अनुवंश आहे, बसून राहणं आहे, झोप आहे, पांढऱ्या भाताचा डोंगर आहे. पण आपल्या हातात लगेच असलेली आणि अंगाला फुकटचा भार असलेली गोष्ट कोणती, तर वरून घातलेली साखर.

आणि शेतकऱ्याला मधुमेह म्हणजे काय, हे शहरातल्या डॉक्टरच्या तक्त्यात नीट दिसत नाही. रक्तातली साखर बरीच वर्षं जास्त राहिली की पायाची जाणीव कमी होते. आपण चिखलात अनवाणी उतरतो. तुटलेल्या उसाचा बुडखा टोकदार असतो. तो पायात घुसला आणि कळलंच नाही, संध्याकाळी पाय धुताना रक्त दिसलं, तर त्या जखमेचं पुढं काय होईल सांगता येत नाही. बोट काढावं लागतं, कधी पाय. ऑफिसात बसणाऱ्याचं काम पायाशिवाय चालेल. आपलं चालत नाही. ज्यांना शुगर आहे त्यांनी पावटणी करताना, पाणी पाजताना गमबूट घालावेत आणि रोज रात्री तळपाय बघावेत. ही गोष्ट खर्चिक नाही.

हळू का?

शिरोळ भागातल्या लोकांना क्षारपड जमिनीबद्दल मी काय सांगणार? वर्षानुवर्षं गरजेपेक्षा जास्त पाणी आणि खत दिलं, निचरा नव्हता, रान पांढरं पडलं. ते एका वर्षात बिघडलं नाही आणि एका वर्षात सुधारतही नाही. चर काढायचे, भूमिगत पाईप टाकायचे, क्षार धुऊन जायला हंगाम द्यायचे. शिरोळच्या दत्त कारखान्याच्या पुढाकारानं तिथं हे काम झालंय, रानं परत पिकाखाली आलीत. जिभेचंही तसंच. तीस-चाळीस वर्षं गोड मुरलंय, ते एका सोमवारी निघत नाही.

एकदम बंद करणाऱ्यांचं काय होतं ते आपण बघतो. पाच दिवस बिनसाखरेचा कडू चहा, सहाव्या दिवशी डोकं धरून बसतात, सातव्या दिवशी दुप्पट साखर. वर घरात भांडण. पाव्हणं आलेत आणि फिका च्या दिला म्हणून नाराजी वेगळीच.

जीभ मात्र शिकते, याला आधार आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रानं २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांच्या आहारातली साखर तीन महिने बरीच कमी केली. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात त्यांना तोच गोड पदार्थ पहिल्यापेक्षा जास्त गोड लागू लागला. साखर तेवढीच, जीभ जागी झाली. पहिल्या महिन्यात मात्र फरक नव्हता. म्हणजे महिनाभर करून "काही उपयोग नाही" म्हणून सोडणारा नेमका पीक उगवायच्या आधी रान मोडतो.

म्हणून आमचा हिशोब पातेल्याचा आहे. आपल्याकडं चहा कपात नाही, पातेल्यात गोड होतो, त्यामुळं एकट्यानं कमी करणं जमत नाही. सगळ्या घरानं मिळून करायचं. पाच कपांच्या पातेल्याला दहा चमचे पडत असतील तर:

पहिले पंधरा दिवस नऊ चमचे. कुणाला सांगूही नका, कळत नाही.
पुढचे पंधरा दिवस आठ.
मग सात, मग सहा, मग पाच, मग चार.

सहा पायऱ्या, तीन महिने. चार चमच्यांवर आलात की कपाला चमचापण नाही. दिवसाला चार कप प्यालात तरी चहाची साखर १५ ग्रॅमच्या आसपास. एखाद्या पायरीवर घरात कुरकुर झाली तर तिथंच आणखी पंधरा दिवस थांबा. मागं मात्र जाऊ नका.

दोन बारीक गोष्टी. साखरेच्या डब्यात वाटी असेल तर ती काढा, छोटा चमचा ठेवा. वाटीनं किंवा मुठीनं टाकलेली साखर कधीच मोजली जात नाही. दुसरं, आलं, गवती चहा, वेलदोडा जरा जास्त घाला. चव भरल्यासारखी वाटते.

चहा जमला की मगच दुसरं. चारच्या चहाबरोबर बिस्किटाऐवजी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, हंगामात उकडलेल्या शेंगा. त्यानंतर ताटात अर्धी भाकरी किंवा एक मूद भात कमी आणि वाटीभर उसळ जास्त. एकावेळी एकच बदल. युरिया, पोटॅश, सूक्ष्म अन्नद्रव्यं सगळं एका दिवशी टाकून कुठल्या खतानं काय झालं हे कुणाला कळतंय का?

उसळीचं सामान रानातच करता येतं. पूर्वहंगामी लागणीत हरभरा, आडसालीत भुईमूग किंवा सोयाबीन, सरीच्या बगलेला मेथी, कोथिंबीर, मुळा. आंतरपीक आपण विक्रीच्या हिशोबानं बघतो. दोन सऱ्या घराच्या ताटासाठी धरा. चारी बाजूला नुसता ऊस आणि डाळ, भाजी, ज्वारी सगळं विकत, अशी आपली अवस्था झाली आहे. ती थोडी तरी मोडेल.

गुळाचं आणि रसाचं काय?

"साखर बंद, गूळ चालू" म्हणणारे फार झालेत. कोल्हापुरी गुळाचा मला अभिमान आहे. त्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, शाहूपुरीची पेठ त्यावर उभी राहिली. पण गूळ म्हणजे आटवलेला उसाचा रसच. त्यात ६५ ते ८५ टक्के सुक्रोज असतं. थोडी खनिजं, थोडं लोह, चवीला उत्तम. रक्तातल्या साखरेसाठी मात्र तो साखरेचा सख्खा भाऊ. गूळ खा, पण साखरेच्या त्याच हिशोबात धरून खा. काकवी आणि मध यांचंही तेच.

रसाचं तर आपल्याला रिफ्रॅक्टोमीटरच सांगतो. पक्व को ८६०३२ चा ब्रिक्स २० लागला की आपण खूश होतो. ब्रिक्स २० म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण २० ग्रॅम विरघळलेले घटक, त्यातली बहुतेक साखरच. २०० मिलीचा एक ग्लास म्हणजे बर्फ सोडून ३५ ग्रॅमच्या पुढं साखर. दिवसाचा सगळा कोटा एका ग्लासात. ऊस तोडून चावून खाल्ला तर दात काम करतात, दोन कांड्यांत माणूस थांबतो. ग्लासात थांबायला काही नसतं.

"मग आपल्या उसाला दर कसा मिळणार?"

हा खरा प्रश्न आहे, टाळायचा नाही. आधी आपल्या घरापुरतं बघू. पाच माणसांच्या घरानं माणशी ८० ग्रॅमवरून ४० वर आणलं तर वर्षाला ७३ किलो साखर वाचते. ११-१२ टक्के उतारा धरला तर ती ६००-६५० किलो उसाची साखर. एकरी ६० टन म्हणजे गुंठ्याला दीड टन. म्हणजे तुमच्या घराची सगळी काटकसर अर्ध्या गुंठ्याच्याही आत बसते.

दर कुठं ठरतो? एफआरपी कृषिमूल्य आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३५५० रुपये ठरली. ७ डिसेंबर २०२३ ला रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राचा एक आदेश आला आणि भर हंगामात कारखान्यांची गणितं विस्कटली. पुढच्या हंगामासाठी तो सैल झाला. आपल्या दराची दोरी निर्यात, इथेनॉल आणि साखरेचा विक्री दर यांत आहे. स्वयंपाकघरातल्या पातेल्यात नाही.

देशभर खप खरंच घटला तर कारखानदारीला विचार करावा लागेल, हे मी नाकारत नाही. इथेनॉल आहे, सहवीज आहे, तो विचार कारखान्यांनी आणि सरकारनं करावा. आपल्या पोरांच्या रक्तात साखर साठवून कारखान्याचं गोदाम रिकामं करायचं, हा उपाय नव्हे. निपाणी-कागल भागात पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू पिकली. म्हणून घरातल्या पोराच्या हातात विडी देणं कुणाला शहाणपणाचं वाटलं नाही. पीक पोटासाठी घ्यायचं, पोटात किती घालायचं हा वेगळा निर्णय आहे.

आता एक मागणी. वार्षिक सभेत आपण सवलतीची साखर वाढवून मागतो. टाळ्या पडतात. माझं म्हणणं आहे की सभासदाला पर्याय द्या. ज्याला साखर पाहिजे त्यानं साखर घ्यावी. ज्याला नको किंवा निम्मीच पाहिजे, त्याच्या सवलतीच्या फरकाची रक्कम त्याच्या ऊसबिलात जमा करावी. हक्क सभासदाचा आहे, तो साखरेच्याच रूपानं का घ्यायचा? आज "घेतली नाही तर वाया जाते" म्हणून पोतं घरी येतं आणि "घरात आहे" म्हणून संपतं. ही साखळी तोडली तर निम्मं काम आपोआप होईल.

शेवटचं, पण महत्त्वाचं

चाळिशी ओलांडली असेल तर वर्षातून एकदा रक्त तपासा. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. १२६ किंवा ६.५ पासून पुढं मधुमेह, पण डॉक्टरांकडून खात्री करून घ्यायची. उंबरठ्यावर असाल तर घाबरू नका, तिथून परत फिरता येतं. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या पथकाचा २००६ चा अभ्यास आपल्या लोकांवरचाच आहे. उंबरठ्यावरच्या ज्यांनी काहीच बदललं नाही, त्यांच्यातल्या ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांनी खाणं सुधारलं आणि चालणं वाढवलं, त्यांच्यात ३९ टक्क्यांना. शंभरातली सोळा माणसं वाचली. दुसऱ्या कुठल्या पिकात औषधाशिवाय एवढा फरक पडला असता तर आपण प्लॉट बघायला गाडी करून गेलो असतो.

ज्यांना आधीच मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी खाण्यात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारा, नाहीतर साखर एकदम उतरते. रानात जाताना खिशात साखरेची पुडी ठेवा. घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यापुढं अंधारी आली तर तीच साखर त्या वेळी औषध असते. साखर वाईट नाही मंडळी, तिचा डोस चुकलाय.

तर या हंगामात एवढंच करा. पोत्यावर तारीख घाला आणि पातेल्यातला एक चमचा कमी करा. गळीत सुरू असेपर्यंत तीन महिने सहज निघून जातात. तुमच्या घरी किती माणसांना पोतं किती दिवस पुरतं, तेवढे दोन आकडे लिहून कळवा. आपण उसाचं उत्पादन एकमेकांना अभिमानानं सांगतो. हेही सांगायला सुरुवात करू.